चाक स्पेसर

चाक स्पेसर ही मोटारगाडीचा हब आणि चाक यांच्यामध्ये बसवली जाणारी धातूची चकती होय. ती बसवल्यावर चाक तिच्या जाडीइतके बाहेर सरकते. मोठ्या ब्रेकला जागा करणे किंवा दोन चाकांमधील अंतर वाढवणे यांसाठी स्पेसर वापरले जातात. उंची कमी केलेल्या गाडीत टायरची बाहेरची बाजू मडगार्डच्या कडेशी एका उभ्या रेषेत आणणे, हा त्यांचा सर्वाधिक प्रचलित उपयोग आहे. या ठेवणीला हौशी वर्तुळात ‘फ्लश’ असे म्हणतात. योग्य स्पेसरची निवड जाडी, मध्यछिद्राचा व्यास आणि बोल्टची लांबी या तीन मापांवर ठरते.

मूलभूत संज्ञा

चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतराला ऑफसेट म्हणतात. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन असतो. जर्मन पद्धतीनुसार चाकावर तो ‘ईटी’ या अक्षरांनी दर्शवला जातो. स्पेसरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे परिणामी ऑफसेट एका मिलिमीटरने घटतो. ५१ मिमी ऑफसेटच्या चाकामागे १५ मिमी स्पेसर बसवल्यास ते ३६ मिमी ऑफसेटच्या चाकाप्रमाणे उभे राहते. दोन्ही बाजूंस स्पेसर असल्याने त्या आसावरील चाकांमधील अंतर ३० मिमीने वाढते.

बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. फोक्सवॅगन गोल्फच्या पाचव्या व सहाव्या पिढीत पाच बोल्ट ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात. पुण्याजवळ चाकण येथे २००९ ते २०२२ या काळात तयार झालेल्या पोलोत हा व्यास १०० मिमी आहे. दोन्ही गाड्यांच्या हबचा व्यास मात्र ५७.१ मिमी असा एकच आहे.

उंची कमी केल्याचा परिणाम

उत्पादक मूळ गाडीत टायर मडगार्डच्या आत ठेवतात. सस्पेन्शन पूर्ण दबले, गाडी माणसांनी भरली किंवा वळणावर कलली, तरी टायर घासू नये, हा त्यामागील हेतू असतो. आखूड स्प्रिंग लावून गाडी खाली केली की बहुतेक स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकाचा माथा आत कलतो, म्हणजेच ऋण कॅम्बर वाढतो. २२५/४० आर १८ मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे ३१९ मिमी असते. त्यामुळे कॅम्बर १ अंशाने वाढल्यास चाकाच्या केंद्राच्या तुलनेत टायरचा माथा सुमारे ५.५ मिमी आत जातो. चाक आधीपेक्षा खोल गेल्यासारखे दिसण्याचे हे एक कारण आहे.

सर्व आसांवर हा परिणाम सारखा नसतो. गोल्फच्या वरील पिढ्यांत मागे मल्टिलिंक सस्पेन्शन असल्याने कॅम्बर बदलतो. पोलोच्या मागील टॉर्शन बीम आसात दोन्ही बाजू सारख्या खाली आल्यास तो जवळजवळ बदलत नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या आसांसाठी स्पेसरची जाडी स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

जाडीचे मापन

मापन करण्यापूर्वी स्प्रिंग बसवून गाडी काही दिवस चालवतात व चाकांची अलाइनमेंट करून घेतात, कारण नवीन स्प्रिंग थोडी आणखी बसते. त्यानंतर सपाट जमिनीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून, मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या केंद्रासमोर ओळंबा सोडतात. ओळंब्याच्या दोरीपासून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे आडवे अंतर वरच्या आणि मधल्या भागात मोजतात. डाव्या व उजव्या बाजूंच्या मापांत काही मिलिमीटरचा फरक आढळू शकतो. अशा वेळी लहान माप प्रमाण मानतात.

हे संपूर्ण अंतर स्पेसरने भरून काढणे योग्य नसते. उदाहरणार्थ, लहान माप २० मिमी आले, तर २० मिमी स्पेसरने टायर उभ्या स्थितीत कडेशी जुळेल, परंतु खड्ड्यात सस्पेन्शन दबताच तो मडगार्डच्या आतील मुडपलेल्या पत्र्यावर घासू शकतो. १५ मिमी स्पेसर घेतल्यास ५ मिमी जागा शिल्लक राहते. बाजारात ३, ५, ८, १०, १२, १५, २० आणि २५ मिमी अशा ठरावीक जाड्या मिळतात. दोन जाड्यांच्या मधले माप आल्यास कमी जाडी निवडतात. दोन स्पेसर एकावर एक लावत नाहीत.

अंतिम तपासणी गाडी पूर्ण भारात आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून करतात. टायर, मडगार्डची कड आणि आतील प्लॅस्टिकचे अस्तर यांवर घासल्याच्या खुणा दिसल्यास जाडी कमी करावी लागते.

हाच परिणाम वेगळ्या चाकानेही साधता येतो. ७.५ इंच रुंद व ५१ मिमी ऑफसेटच्या चाकाऐवजी ८.५ इंच रुंद व ४५ मिमी ऑफसेटचे चाक बसवल्यास बाहेरची कड १८.७ मिमी बाहेर येते. मात्र आतली कडही ६.७ मिमी आत सरकते, त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बरजवळची जागा तपासावी लागते. स्पेसरने मात्र आतली जागा वाढते.

प्रकार

साध्या सपाट चकत्या ३ ते ५ मिमी जाडीच्या असतात. हबचा मध्यभागी पुढे आलेला कंगोरा चाकाला केंद्रात धरतो. चकतीच्या जाडीइतका हा कंगोरा चाकासाठी कमी उरतो. तो अपुरा पडल्यास चाक केंद्रापासून किंचित सरकून बसते आणि वेगात स्टिअरिंग थरथरते.

हबकेंद्री स्पेसरला स्वतःचा कंगोरा असतो. त्याचे मध्यछिद्र हबवर आणि कंगोरा चाकात अचूक बसतो. असे स्पेसर सामान्यतः १० मिमीहून अधिक जाडीचे असतात.

बोल्टबंद स्पेसर प्रथम हबवर आवळला जातो व चाक त्याच्या स्वतंत्र आट्यांवर बसते. हे साधारणतः २० मिमीपासून पुढे मिळतात.

स्पेसरसाठी ६०६१ किंवा ७०७५ क्रमांकाचे ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरले जातात. पोलादी हबवर ॲल्युमिनियम गंजून चिकटू नये म्हणून पृष्ठभागावर ॲनोडायझिंगचा थर देतात.

बोल्ट आणि आटे

चाकाचा भार बोल्टच्या दांड्यावर तोललेला नसून बोल्टांनी आवळलेल्या पृष्ठभागांमधील घर्षणावर तोललेला असतो. हबवर गंज किंवा माती राहिल्यास स्पेसर सपाट बसत नाही व आवळ हळूहळू सैल होतो. म्हणून हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत स्वच्छ करतात.

बोल्टबंद नसलेल्या स्पेसरसोबत त्याच्या जाडीइतके अधिक लांब बोल्ट लागतात. २७ मिमी लांबीच्या मूळ बोल्टऐवजी १५ मिमी स्पेसरसाठी ४२ मिमीचा बोल्ट लागतो. आट्यांची पकड निदान बोल्टच्या व्यासाइतकी असावी, असा संकेत आहे. एम१४ × १.५ बोल्टसाठी ती ९ ते १० पूर्ण फेरे, एम१२ × १.५ साठी ८ फेरे आणि एम१२ × १.२५ साठी १० फेरे भरते. हाताने फिरवताना फेरे मोजून ही खात्री करता येते. गरजेपेक्षा लांब बोल्ट हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागू शकतो. बोल्टच्या डोक्याखालची बैठक चाकाप्रमाणेच गोलाकार किंवा शंक्वाकार असणे आवश्यक असते.

बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनुसार टॉर्क पान्याने ताऱ्याच्या क्रमाने आवळतात आणि ५० ते १०० किमी अंतरानंतर पुन्हा तपासतात.

वाहनाच्या वागणुकीवरील परिणाम

चाकांमधील अंतर वाढल्याने वळणावर बाहेरच्या चाकाकडे जाणारा भार किंचित कमी होतो. दुसरीकडे, चाक बेअरिंगपासून दूर गेल्याने त्यावरील वाकवणारा ताण वाढतो. पुढच्या चाकांत स्क्रब त्रिज्या धन दिशेने सरकते. ही त्रिज्या ऋण ठेवण्याची रचना १९७२ च्या ऑडी ८० मध्ये होती. एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी सरळ राहावी, हा तिचा उद्देश होता. जाड स्पेसरने हा लाभ घटतो आणि खड्ड्यांचे धक्के स्टिअरिंगवर अधिक जाणवतात.

कायदेशीर बाजू

जर्मनीत स्पेसरसाठी त्या वाहनाला लागू असलेले तांत्रिक प्रमाणपत्र लागते. युरोपीय नियमांनुसार चाकाच्या केंद्रातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश व मागे ५० अंश या टप्प्यात टायर मडगार्डने झाकलेला असावा लागतो. त्यामुळे तेथे फ्लश ठेवणीची मर्यादा याच टप्प्यात मोजली जाते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.