दक्षिणा, पारितोषिक आणि मुलांचे पुस्तक

ग्रंथास पारितोषिक मिळाले म्हणजे तो वाचनीय ठरला, असा समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. मुलांच्या पुस्तकांविषयी तर पुष्कळ आईबाप केवळ या एका समजावर विसंबून राहतात. परंतु पारितोषिक कोण देतो, काय पाहून देतो, आणि ज्या वाचकासाठी पुस्तक लिहिले त्याचे मत त्या निवडीत कितपत विचारले जाते, हे पाहिल्यावाचून त्या शिक्क्याची खरी किंमत कळावयाची नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो वाईसारख्या क्षेत्राच्या अनुषंगाने सांगणे आम्हांस विशेष उचित वाटते. रास्त्यांनी बांधलेले घाट आणि 1762 सालचे गणपतीचे देऊळ ज्या कृष्णाकाठी उभे आहे, तेथे विद्येला आश्रय देणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

पेशवाईत विद्येचा गौरव होई तो श्रावणमासच्या दक्षिणेने. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी चालविलेला हा प्रघात पुढे पेशव्यांनी पुण्यास आणला. आणि मग काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण पर्वतीच्या रमण्यात जमू लागले. शास्त्रीपंडितांची परीक्षा घेऊन त्यांस अधिक रक्कम मिळे, इतरांस थोडी. 1818 साली राज्य गेले. तथापि एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद न करता तिच्यावर वार्षिक पन्नास हजार रुपयांची मर्यादा घातली. तिच्यातीलच पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 साली लोकहितवादी आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारकडे अर्ज केला, की या द्रव्याचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. जुन्या मंडळींत मोठी खळबळ उडाली. परंतु 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि पूर्वी पंडिताच्या हातावर पडणारे द्रव्य मराठी पुस्तकाच्या वाट्यास येऊ लागले. आज ज्याला आपण वाङ्मयपुरस्कार म्हणतो, त्याचा महाराष्ट्रातील उगम हा असा आहे. पारितोषिक हे दक्षिणेचे अपत्य होय, आणि आईचे काही गुण या अपत्यात उतरलेच.

त्यांपैकी पहिला गुण असा, की देणारा आपल्या दृष्टीने योग्यता ठरवितो. उपयुक्त ज्ञान मराठीत यावे हा कमिटीचा हेतू चांगला होता; पण उपयुक्त काय, हे ठरविणारे विद्वान सगळे वरच्या पायरीवर बसलेले होते. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीकडे पाठविले. भिक्षुकाकडून नाडले गेलेले एक कुणबी जोडपे शेवटी शिकावयास निघते, असा त्याचा विषय. कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहापुढे ते नापसंत झाले, असे जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. नाटक छापून निघाले ते 1979 साली! ज्या अशिक्षितासाठी हा सगळा विद्याप्रसार चालला होता, त्याच्या बाजूने लिहिलेली कृतीच परीक्षकांस मानवली नाही. मुलांच्या पुस्तकांचा इतिहास पाहताना हे उदाहरण विसरू नये. कारण मूल हाही परीक्षकांच्या पंक्तीस कधी न बसणारा वाचक आहे.

मराठी छापील पुस्तकांचा आरंभच मुळी मुलांपासून झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने 1806 साली ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या गोष्टी निघाल्या, त्या मराठीतील अगदी पहिल्या छापील पुस्तकांत मोडतात. पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही दोन पुस्तके मराठीत आणली. ती शाळेसाठी होती, उपदेशाने भरलेली होती, आणि परभाषेतून आलेली होती. मुलाने शहाणे व्हावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याने हसावे किंवा आपल्या बुद्धीने एखादा प्रश्न विचारावा, ही कल्पना अद्याप दूर होती.

ती कल्पना आली ती मासिकांच्या मार्गाने. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’ सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत बहुतेक स्वहस्ते लिहून चालविले. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली ‘आनंद’ काढले. आपटे हे कोशकारही होते, म्हणजे शब्दांची पारख असलेला मनुष्य मुलांसाठी लिहावयास बसला होता. या मासिकांचे पोषण घरोघरच्या वर्गणीने झाले. पुढचा अंक केव्हा येणार, असे मुलाने विचारणे हेच त्यांचे पारितोषिक. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ला वाचक मिळाले तेही कोणाच्या शिफारशीवाचून. त्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटास 1954 साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. पण पुस्तक तोवर घराघरांत पोहोचले होते. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हेही मुलांनीच मोठे केले. आज महाराष्ट्र शासनाचे बालवाङ्मयाचे पुरस्कार साने गुरुजी, ताम्हणकर, भागवत यांच्या नावांनी दिले जातात. ज्यांची कीर्ती बालवाचकांनी उभारली, त्यांची नावे अखेर पुरस्कारांनाच भूषण म्हणून घ्यावी लागली, हा न्याय पाहण्यासारखा आहे.

आता वाईकडे वळू. नारायणशास्त्री मराठे, पुढे केवलानंद सरस्वती, यांनी 1916 साली येथे प्राज्ञ पाठशाळा उभी केली, आणि त्या पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास 1955 साली साहित्य अकादमीचे मराठीतील पहिलेच पारितोषिक मिळाले. 1960 नंतर त्यांच्याच नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईस सुरू झाले. पहिला खंड 1976 साली निघाला. पंडितांसाठी कोश रचणाऱ्या या परंपरेला ‘कुमार विश्वकोश’ काढण्याची बुद्धी झाली ती एकविसाव्या शतकात. अकादमीचेही तसेच. प्रौढांच्या मराठी ग्रंथाचा सन्मान 1955 साली, आणि बालसाहित्याचा स्वतंत्र पुरस्कार 2010 साली. मध्ये पंचावन्न वर्षे! अमेरिकेत ग्रंथपालांच्या संघाने मुलांच्या पुस्तकासाठी न्यूबेरी पदक 1922 सालीच सुरू केले होते. पुस्तक मुलाच्या हाती देणे हाच ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांच्याकडे ती निवड सोपविली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

उशीर झाला, तरी पुढे झालेली निवड उपेक्षणीय नाही. 2010 साली अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मान मिळाला, 2011 साली दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. बोक्याच्या गोष्टी आधी आकाशवाणीवरून ऐकविल्या गेल्या होत्या. खोड्या करणारा मुलगा मनाने चांगला असू शकतो, हे छत्र्यांच्या काळी कोणास पटले नसते. 2014 साली माधुरी पुरंदरे यांच्या एकंदर बालसाहित्याचा गौरव झाला. त्या स्वतः चित्रेही काढतात, आणि त्यांच्या पुस्तकांत घरातल्या साध्या घटना मुलाच्या उंचीवरून पाहिलेल्या असतात. 2017 साली सन्मान झालेले ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ तर आम्ही या भागातील प्रत्येक वाचनालयास सुचवू. धरणाखाली जाणाऱ्या गावातील मुलाचे मन त्यात आहे. वाईच्या वरच्या अंगास कृष्णेवर धोमचे धरण झाले, तेव्हा याही खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. आपल्या आजोबांचे घर आता पाण्यात आहे असे ज्या मुलाने ऐकले असेल, त्याला ते पुस्तक परके वाटणार नाही. सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019) आणि संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (2022) हीही या मालिकेत लक्षणीय होत.

या नावांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक फरक स्पष्ट दिसतो. पूर्वी पुस्तक मुलाला घडविण्यासाठी लिहिले जाई. ही पुस्तके मूल जसे आहे तसे धरून त्याच्याशी बोलतात. म्हणून पारितोषिकप्राप्त पुस्तक हाती घेताना आईबापांनी एवढेच पाहावे, की त्यात मुलाला स्वतः विचार करावयास जागा ठेविली आहे काय. तात्पर्य लेखकानेच काढून ठेविलेले असेल, तर कोणताही शिक्का त्या पुस्तकाला तारणार नाही.

दुसरी गोष्ट पुस्तक पोहोचण्याची. पुरस्कार मुंबई-दिल्लीस जाहीर होतो. तालुक्याच्या शाळेतील कपाटात ते पुस्तक आले नाही, आले तरी कपाटाला कुलूप राहिले, तर त्या गौरवाचा मुलाला काय उपयोग? वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीपुढे गेले की भिलार लागते. 2017 साली शासनाने तेथे पुस्तकांचे गाव वसविले. घराघरांत एकेक वाङ्मयप्रकार मांडला, आणि त्यांत बालसाहित्यालाही घर दिले. कोणीही यावे, पुस्तक काढावे, वाचीत बसावे. ज्या मुलखाने विद्येसाठी दक्षिणा दिली आणि घेतली, त्या मुलखात ग्रंथाचा याहून योग्य सत्कार आम्हांस सुचत नाही. दक्षिणेच्या काळी पंडिताची परीक्षा पंडित घेत, आणि ते रास्तच होते. मुलांच्या पुस्तकाची परीक्षा मात्र शेवटी मुलानेच घ्यावयाची आहे. वडील माणसांनी फक्त ते पुस्तक त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावे.