गुंठ्याची चुलतबहीण

डोंबिवलीच्या रामनगरात राहणारे माझे एक स्नेही भूमी अभिलेखाच्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. मुरबाड-शहापूरपासून भिवंडीपर्यंतच्या शिवारांत त्यांनी तीस वर्षे मोजणी केली, हद्दीच्या तंट्यांत वादी-प्रतिवादी दोघांच्याही शिव्या समान वाट्याने खाल्ल्या. परंतु उभ्या आयुष्यात बंदूक म्हणून हाती धरली नाही. अशा गृहस्थाला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्थायिक झालेल्या पुतण्याने एके रात्री फोनवर विचारले, की काका, रायफलीवर बसवायला एक लहानशी, हलकी दुर्बीण घ्यायची आहे, तर ती कशी निवडावी? वटवाघळांखेरीज भूमीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नसलेल्या त्या देशात इंग्रज वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात हरणे नेऊन सोडली, ती आता रानच्या रान फस्त करतात, आणि म्हणून तेथे हरणाची शिकार हा गुन्हा नसून जवळजवळ लोकोपकार समजला जातो, ही हकीकत पुतण्याने आधीच सांगून ठेवली होती; कारण काका शाकाहारी. 'तुम्ही जन्मभर दुर्बिणीतून पाहिलंत, तुम्हाला नाही विचारणार तर कोणाला?' हा त्याचा युक्तिवाद. स्नेह्यांनी तो प्रश्न माझ्याकडे आणला, आणि मी, उत्तर देण्याऐवजी, त्या वस्तूचे कुळ शोधू लागलो.

प्रथम नावाविषयी. आरंभीचा 'दुर्' पाहून या शब्दाला दुर्जन-दुर्गंधाच्या पंक्तीला बसवण्याचा मोह होतो. पण तो फारसी 'दूर' आहे, संस्कृत 'दूर'चा सख्खा भाऊ, आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. लांबचे पाहणारी ती दुर्बीण. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला तोवर हा शब्द मराठीत रुळला असावा. आणि मोल्सवर्थ हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण त्याच लष्करातला दुसरा एक अधिकारी पुढे येणार आहे. दुसरा शब्द 'शिस्त'. आज तो शाळेच्या फळ्यावर आणि कवायतीच्या मैदानावर राहत असला, तरी त्याचा मूळ अर्थ नेम, निशाणाकडे जाणारी सरळ रेषा, असा आहे. 'शिस्त धरून गोळी झाडली' असे जुने लोक लिहीत, ते शब्दशः खरे होते. मोजणीदार झेंड्याच्या काठ्या एका रेषेत उभ्या करतो आणि शिकारी नळीवरची नेमाची माशी सावजाशी जुळवतो, तेव्हा दोघेही एकच क्रिया करीत असतात.

दुर्बिणीच्या इतिहासातले पहिले निश्चित कागदी साल १६०८. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने हेग येथील डच शासनाकडे या यंत्राची सनद मागितली, आणि आणखीही दावेदार पुढे आल्यामुळे ती त्याला नाकारण्यात आली. त्या यंत्रात, आणि पुढे गॅलिलिओने वापरले त्यातही, एक बहिर्वक्र व एक अंतर्वक्र भिंग असे. प्रतिमा सुलटी दिसे, नळी आखूड राही. मग चार शतकांपूर्वीच सुटलेला हा प्रश्न आज पुतण्याला का पडावा? अडचण अशी, की तसल्या नळीत दृश्य किल्लीच्या भोकातून पाहावे इतके अरुंद दिसते, आणि नळीच्या आत प्रतिमा कोठेच उमटत नसल्यामुळे नेमाची खूण ठेवायला जागा उरत नाही. केप्लरने १६११ साली दोन्ही भिंगे बहिर्वक्र घेण्याची योजना मांडली, तीत दृश्य रुंदावले आणि आत खरी प्रतिमा पडू लागली. मात्र ती उलटी. पुढे विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिर्विदाच्या नळीत एका कोळ्याने धागा ओढला, आणि तो धागा ताऱ्याइतकाच रेखीव दिसतो हे पाहून त्या गृहस्थाला दुर्बिणीत धाग्यांची फुली ताणण्याची कल्पना सुचली. शिस्तीने दुर्बिणीत प्रवेश केला तो असा, एका कोळ्याच्या कृपेने. गॅस्कॉइन स्वतः १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत, ऐन तारुण्यात, मारला गेला.

ज्योतिष्याला उलट्या प्रतिमेचे सोयरसुतक नसते. ताऱ्याला डोके ना पाय. मोजणीदारालाही सवय होते. जुन्या थिओडोलाइटात पट्टी खाली डोके वर पाय करून उभी असे, आणि आम्ही आकडे उलटेच वाचत असू, असे आमचे स्नेही सांगतात. शिकाऱ्याचे मात्र तसे नाही. उजवीकडे पळणारे हरीण डावीकडे पळताना दिसले तर शिकार हरणाच्या फायद्याची. म्हणून प्रतिमा सुलटी करणारी आणखी भिंगे मध्ये घालावी लागली, प्रत्येक भिंगाने आपली जागा मागितली, आणि नळी लांबली. अमेरिकेत जॉन चॅपमनने १८४४ साली नेमबाजांसाठी पुस्तक लिहिले त्या सुमारास, बंदुकीच्या नळीइतकीच लांब पितळी-पोलादी दुर्बीण तिच्यावर आडवी बांधण्याचा प्रघात होता. अशी बंदूक घेऊन डोंगर चढणे हे शिकाऱ्याचे काम नव्हे, हमालाचे.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दक्षिणेत बसवलेला पहिला महसूल इतका बेसुमार निघाला, की रयत गाव सोडून पळू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून, १८३५-३६च्या सुमारास, जमाबंदीची नवी रीत सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, जमिनीची प्रत आण्यांत, आणि दर तीस वर्षांसाठी कायम. १,०८९ चौरस फुटांचा जो गुंठा आज कल्याण-शीळ रस्त्यावर सोन्याच्या भावाने हस्तांतरित होतो, आणि ज्याच्या जोरावर कालचा शेतकरी आज पांढऱ्या मोटारीतून उतरतो, त्याचे व्यवहारातले माप हे, त्या साखळीचे. या रीतीचे नियम १८४७ च्या ऑगस्टात एका संयुक्त अहवालात ग्रथित झाले. अहवालाखाली सह्या तीन: गोल्डस्मिड, विंगेट आणि कॅप्टन डेव्हिडसन. शाळेच्या पुस्तकांत पहिली दोन नावे राहिली, तिसरे गळाले.

हा तिसरा, डेव्हिड डेव्हिडसन, स्कॉटलंडातील हॅडिंग्टनचा, मुंबईच्या लष्करातून मोजणीखात्यात आलेला. दिवसा शेते मोजायची, संध्याकाळी शिकार, असा त्या काळच्या साहेबाचा शिरस्ता असे. परंतु या साहेबाने शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण चढवली आणि ती रानात खरोखर वापरली. स्वदेशी परतल्यावर १८६० च्या दशकात त्याने ती सुधारली. अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या निवडक नेमबाजांना ज्या व्हिटवर्थ रायफली मिळाल्या, त्यांतील काहींवर हीच डेव्हिडसनची दुर्बीण होती: नळी जवळजवळ हातभर, आणि ती माथ्यावर नव्हे, डाव्या बगलेला बसवलेली. १८९० साली म्हाताऱ्या डेव्हिडसनने आपल्या आठवणीही छापल्या. जे यंत्र पुढे इतक्या सैनिकांच्या मृत्यूस कारण झाले, त्याचा एक पूर्वज बांध-हद्दीच्या दप्तरात वाढला, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते. स्नेह्यांना वाटली नाही. 'एका रेषेत पाहायची खोड लागली की सुटत नाही,' एवढेच ते म्हणाले.

यापुढची वंशावळ झपाट्याने सांगता येईल. व्हिएन्नाच्या काहलेसने १९०० च्या सुमारास शिकाऱ्यांसाठी आटोपशीर दुर्बीण बाजारात आणली. जर्मनीच्या झाइसने चौपट वर्धनाची दुर्बीण रूढ केली. आणि १९३० साली अमेरिकेत वीव्हरने पाऊण इंच जाडीच्या बारीक नळीची स्वस्त दुर्बीण काढून हे चैनीचे यंत्र शेतकऱ्याच्या खुंटीपर्यंत पोचवले. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीत नायट्रोजन भरून ती बंद करण्याची युक्ती निघाली, तिचे महत्त्व कोकणच्या वाचकाला सांगावे लागू नये. ठाण्याच्या पावसात चार महिने कपाटात राहिलेल्या भिंगांवर बुरशीचे जे जाळे पसरते, ते काही गॅस्कॉइनच्या कोळ्याचे नव्हे.

एवढी तयारी झाल्यावर स्नेह्यांनी कागद-पेन्सिल घेतली. पुढल्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले, की डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी निघते. बत्तीस मिलिमीटर भागिले चार, म्हणजे आठ. तरुण माणसाची बाहुली गडद संधिप्रकाशात फार तर सात मिलिमीटर उघडते. म्हणजे चौपट वर्धनाला अठ्ठावीस मिलिमीटरचे भिंग पुरे, त्यापुढचा उजेड डोळ्याच्या दारातून आतच शिरत नाही. तेच पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले तर ते बंदुकीच्या नळीला लागू नये म्हणून दुर्बीण उंच चढवावी लागते, गाल दस्त्यावरून सुटतो, आणि वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाते. लहान दुर्बीण पाव किलोच्या आसपास भागते. वर्धन बारापट हवे असा हट्ट असेल तर हात थरथरला की सावजही बारापट थरथरते. लहानपणाची किंमतही आहे: आखूड नळीतली भिंगे अधिक वक्र असावी लागतात, प्रतिमेच्या कडा सैल पडतात, आणि कड्या आवळायला नळीवर जागा थोडी राहते. शिवाय डोळा आणि भिंग यांत तीन-साडेतीन इंचांचे अंतर हवेच. हलकी रायफल उलटा धक्का जोराने देते, आणि भुवईवर चंद्रकोर कोरून घेतलेले शिकारी जगात कमी नाहीत.

हा सारा हिशेब डोंबिवलीत मांडला जात होता हे विसरू नये. येथे त्याला गिऱ्हाईक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाची शिकार संपली. मुरबाड-शहापूरकडे पिकाच्या राखणीसाठी ज्या थोड्या ठासणीच्या बंदुका परवान्यावर राहिल्या, त्यांना माशी असली तरी पुष्कळ झाले. आणि येऊरच्या जंगलात रविवारी पहाटे दुर्बिणी रोखलेल्या दिसतात त्या माणसांच्या गळ्यात असतात, बिबट्याऐवजी बहुधा एखाद्या सुताराकडे वळलेल्या.

पुतण्याने अखेर अठ्ठावीस मिलिमीटरची चौपट वर्धनाची साधी दुर्बीण घेतली. महिन्याभराने त्याचे छायाचित्र आले. हरणाचे नव्हे, दरीपलीकडच्या तारेच्या कुंपणाचे, आणि खाली प्रश्न, की काका, इथून तिथवर किती गुंठे भरेल? स्नेह्यांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उत्तर टंकले: 'अरे, गुंठा हे क्षेत्र. अंतर साखळीत विचार.'