बोटाला कळते कसे?

टायपिंगच्या वर्गात बसलेल्या कुणाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. कळ दाबली की दांडी उठे, तिच्या टोकाचा खिळा शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर अक्षर उमटे. त्या आपटण्याचा हिसका उलट बोटापर्यंत येई. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. अशा यंत्रांवर हात बसलेल्यांना अक्षर उमटल्याची खबर डोळ्यांआधी बोटांकडून मिळत असे.

संगणकाच्या कळफलकाने ही साखळी तोडली. आता कळीखाली एक विजेचा संकेत तेवढा द्यायचा होता. त्याला जोर लागत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. मग कळ पुरेशी दाबली गेली, हे बोटाला कळावे कसे? १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंचवीसेक वर्षे अभियंते या प्रश्नाशी झगडले. त्यांनी शोधलेली उत्तरे आज जगभरच्या हौशी संग्राहकांकडे खणाखणांच्या प्लास्टिकच्या पेट्यांत ठेवलेली दिसतात. एकेका खणात एकेक स्विच, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा.

त्यांतले एक मानाचे स्थान अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावच्या स्विचला आहे. तिथल्या हनीवेलच्या ‘मायक्रो स्विच’ विभागाने १९६८मध्ये चुंबकावर चालणारा कळफलक आणला. वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आला की पट्टीच्या आडव्या दिशेने विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉलने १८७९मध्येच दाखवले होते. या स्विचच्या दांड्यात चुंबक असतो आणि शेजारी तो दाब ओळखणारी सिलिकॉनची चकती. धातूला धातू टेकतच नाही, म्हणून झीज जवळजवळ नाही. मात्र कळ वरपासून तळापर्यंत एकसारखी गुळगुळीत जाते. संकेत नेमका कुठे गेला, ते बोटाला सांगणारे त्यात काही नाही.

आयबीएमने नेमका उलटा विचार केला. १९७०च्या दशकातल्या तिच्या अनेक कळफलकांत विद्युतचुंबकाने हलणारा एक ठोकाच बसवलेला असे. प्रत्येक अक्षरामागे तो खाडकन वाजे. टाइपरायटर गेला तरी त्याचा आवाज मागे राहावा, अशी ती सोय होती. पुढे रिचर्ड हॅरिस यांनी अधिक सुटसुटीत उत्तर काढले. त्याचे पेटंट १९७८चे. कळीखाली उभी स्प्रिंग ठेवायची. दाबता दाबता ती एका क्षणी एकदम बाजूला वाकते आणि तळाशी जोडलेली पट्टी कलंडवते. आवाज, हिसका आणि संकेत एकाच घटनेतून निर्माण होतात. १९८१च्या ‘आयबीएम पीसी’च्या कळफलकात हीच स्प्रिंग होती आणि १९८५पासूनच्या ‘मॉडेल एम’मध्येही.

जर्मनीत चेरी कंपनीने १९८०च्या दशकात ‘एमएक्स’ मालिका आणली. पुढे तिच्यात रंगांवरून स्वभाव ओळखण्याची रीत पडली. काळा सरळ खाली जातो, निळा वाटेत टक् वाजतो, तपकिरी न वाजता किंचित अडखळतो. जपानच्या आल्प्सचे स्विचही असेच रंगांनी ओळखले जातात. ॲपलच्या १९८७च्या मोठ्या कळफलकात तेच होते.

हे सारे पेटीत कसे टिकवायचे? ओलाव्याने स्प्रिंग गंजते, म्हणून सिलिका जेलची पुडी हवी. आल्प्सच्या स्विचला धुळीचे वावडे आहे. एकदा धूळ आत गेली की सरकण्यातला मऊपणा जातो आणि तो परत आणणे कठीण. प्रकाशात प्लास्टिक पिवळे पडते, म्हणून झाकण अपारदर्शक बरे. रबरबँड आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या कालांतराने चिकट होतात, त्या जवळ नकोत. आणि कुठल्याही पेटीला जे रोखता येत नाही, ते म्हणजे फोम. अमेरिकेतील की ट्रॉनिक कंपनीच्या कळफलकांत कळीखाली फोमची गादी आणि तिला धातूचा मुलामा दिलेली चकती असे. ॲपलच्या १९८३च्या ‘लिसा’ संगणकाचा कळफलक याच जातीचा. हा फोम वापरला नाही तरी जागच्या जागी भुगा होतो.

पण संग्रहाची खरी अडचण साठवणुकीत नाही. खणात तेच मावते, जे सुटे होते. चेरी, आल्प्स, हनीवेल यांचे स्विच डाग सोडवून एकेकटे काढता येतात. हॅरिस यांची स्प्रिंग बाहेर काढली की ती पेनातल्या स्प्रिंगहून वेगळी दिसत नाही. तिच्यातले शहाणपण कळ, नळी, पट्टी आणि तळपत्रा यांच्या जुळणीत आहे. फोमच्या कळफलकाचेही तेच. ज्या रबरी घुमटांच्या स्वस्त कळफलकांनी अखेर बाजार जिंकला, ज्यांवर बहुतेक कचेऱ्यांनी पत्रे आणि बिले लिहिली, त्यांचा घुमट तर कुणी जपून ठेवत नाही. पेटी पाहून इतिहास लिहायला बसले, तर जे सुटे निघाले त्याचाच इतिहास होईल. जे सर्वांत जास्त वापरले गेले, ते त्यातून गळेल.

शिवाय दुर्मीळ स्विच मिळवायचा तर बहुधा एक धड कळफलक मोडावा लागतो. नाणी जमवणाऱ्याला नाण्यासाठी टांकसाळ पाडावी लागत नाही. म्हणून जाणत्या संग्राहकांचा शिरस्ता मला मोलाचा वाटतो. स्विच काढायचा तो आधीच निकामी झालेल्या कळफलकातून, आणि खणात चिठ्ठी ठेवायची: कोणत्या यंत्रातला, कोणत्या सालचा, कोणत्या कळीखालचा. ‘एंटर’खालचा स्विच आणि क्वचितच दाबल्या जाणाऱ्या कळीखालचा स्विच मुळात एकच असले, तरी वीस वर्षांच्या वापरानंतर त्यांचा स्पर्श एक राहत नाही. चिठ्ठी हरवली की हा फरक म्हणजे नुसता दोष उरतो.

कळफलकाचे छायाचित्र काढता येते, त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करता येतो. स्पर्शाची मात्र नक्कल करून ठेवता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणा कारकुनाच्या बोटाला काय कळत होते, हे जाणायचे तर तीच कळ, शक्यतो तिच्याच कळफलकात, पुन्हा दाबून पाहावी लागते.