लूना, बजाज आणि डोंगरावरची बॅटरी-सायकल

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा.

गेल्या वर्ष-दीड वर्षात झरी, उपलाट, उधवा भागातल्या पोरांकडून मला एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, बॅटरीवाली सायकल घेऊ का? ती जाड टायरची, डोंगरावर चढणारी?" विचारणारे बहुतेक उंबरगाव-सरीगामच्या जीआयडीसीत कंत्राटावर कामाला जाणारे. पेट्रोल परवडत नाही, शेअर रिक्षावाला पॅसेंजर भरल्याशिवाय हलत नाही, आणि शिफ्ट चुकली की दिवसाचा खाडा. मोबाईलवर रोज नव्या कंपनीची जाहिरात. किंमत पंचवीस-तीस हजारांपासून. एवढी रक्कम म्हणजे त्यांचे दोन-अडीच महिन्यांचे पैसे, म्हणून प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

हो किंवा नाही एवढं उत्तर देऊन भागत नाही, कारण या बाजारात सध्या जगभर उलथापालथ चालू आहे. तिचं एक टोक चीनमध्ये आहे, एक ऑस्ट्रियात आणि एक आपल्या आकुर्डीत. आणि अशी उलथापालथ महाराष्ट्राने याआधीही पाहिली आहे. तिथूनच सुरुवात करतो.

झरीचं नाव इतिहासात आहे ते २३ मे १९४५ च्या सभेमुळे. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्ध हजारो वारली इथे जमले. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. त्या पिढीला वाहन म्हणजे स्वतःचे पाय. सायकल पुढे आली, तीही आधी मास्तरांकडे आणि तलाठ्याकडे. शहरात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दुकानात ती ताशी भाड्याने मिळायची. सायकली बनवणारे कारखाने स्वातंत्र्याच्या आसपास उभे राहिले: मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ पासून लुधियानात हिरो. यांच्या सायकलीचं मोठेपण एकच होतं. बिघडली तर पाना, पक्कड आणि पंक्चरचं सोल्यूशन घेऊन बसलेला कुठलाही माणूस ती दुरुस्त करायचा. हिरोचा छर्रा अ‍ॅटलासला बसायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. ५० सीसीचं इंजिन, आणि त्याला चक्क पायडल. पेट्रोल संपलं तर मारत न्या. त्याच वर्षी बजाजची चेतकही आली. पण चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लूना शिक्षकाला, दूधवाल्याला, पोस्टमनला परवडली. बजाजने ज्याला गिऱ्हाईक म्हणून मोजलंच नव्हतं, ते गिऱ्हाईक लूनाने उचललं. मग १९८० ला होसूरहून टीव्हीएस ५० आली आणि लूनाला घाम फुटला. १९८४ ला कायनेटिकनेच होंडाशी हात मिळवून बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर काढली. बजाजला कित्येक वर्षं वाटत राहिलं की भारतीय माणूस किक मारायला कंटाळत नाही. माणूस कंटाळला होता. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच बंद करायचं ठरवलं, तोवर लोक अ‍ॅक्टिव्हावर बसून पुढे निघून गेले होते.

म्हणजे जुना मोठा खेळाडू ज्याला फालतू समजतो, तेच नवा घेऊन येतो. इथपर्यंत गोष्ट गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. बॅटरीच्या गाड्या आल्या आणि तिला दुसरं वळण लागलं.

आपल्याकडे बॅटरीची पहिली लाट २००६ च्या सुमारास आली. गुजरातच्या इलेक्ट्रोथर्म कंपनीने योबाइक्स काढल्या. पाठोपाठ चीनहून सुटे भाग आणून इथे जोडणारे बरेच जण आले. नियम असा होता, आणि आजही साधारण तसाच आहे, की मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नंबरप्लेट नको, लायसन नको. गाड्या खपल्या. आत शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या, त्या दीड-दोन वर्षांत दमायच्या. २०१० च्या अखेरीस केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने सबसिडी दिली, ३१ मार्च २०१२ ला ती संपली आणि बाजार धाडकन बसला. कितीतरी दुकानदारांनी शटर ओढलं. डहाणूत एका घराच्या पडवीत मी अशी एक गाडी बरीच वर्षं पाहत होतो. रंग शाबूत, आरसे शाबूत, सीटवर कोंबड्या. बॅटरी गेली होती आणि नवी विकणारा राहिला नव्हता. बाकी गाडीला काहीही झालं नव्हतं.

तेच पुढे मोठ्या प्रमाणावर झालं. २०१९ च्या फेम-२ योजनेत सबसिडीचा पाऊस पडला. हिरो इलेक्ट्रिक ही तेव्हाची आघाडीची कंपनी. सुटे भाग देशी असण्याच्या अटीवरून तिची सबसिडी अडकली, आणि २०२४ च्या डिसेंबरात ती दिवाळखोरीच्या कोर्टात पोहोचली. २०२१ ला ओला उतरली आणि बघता बघता पहिल्या नंबरवर गेली. मग दुरुस्तीसाठी खोळंबलेल्या स्कूटरच्या रांगा लागल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दहा हजारांवर तक्रारी पुढे ठेवून नोटीस काढली. त्याच डिसेंबरात महिन्याच्या विक्रीत पहिला नंबर कुणाचा? बजाजचा. मेलेली चेतक बॅटरीवर उठून बसली होती. पुढे टीव्हीएसनेही ओलाला मागे टाकलं. नव्याने बाजार हलवला खरा, पण टिकले ते गावोगाव सर्व्हिस सेंटर असलेले जुने.

हे सगळं स्कूटरचं झालं. पोरं विचारतायत ती सायकल वेगळी आहे.

पायडलला जोर देणारी मोटर बाजारात पहिल्यांदा आणली यामाहाने, जपानमध्ये, १९९३ साली. पायडलवर पाय किती जोरात पडतो ते सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने मोटर मदत करते. मग २००९ ला बॉश आली, मोटारींचे सुटे भाग बनवणारी जर्मन कंपनी. सायकलवाल्यांच्या मानाने पाहुणीच. पण पुढच्या वर्षी जर्मनीच्या हायबाइकने तिची मोटर डोंगरी सायकलीला बसवली आणि युरोपात धंदाच बदलला. जपानच्या शिमानोसारख्या जुन्या कंपनीला मागून धावावं लागलं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण जाहिरातीत हे सांगत नाहीत. मोटर दोन जागी बसते. एक चाकाच्या मध्यात, तिला हब मोटर म्हणतात. दुसरी पायडलच्या जागी, मधोमध. मधली मोटर चेनमधून जोर देते, त्यामुळे सायकलचे गिअर तिच्याही कामी येतात. जव्हारच्या घाटात आपण हलका गिअर टाकतो तसा तिलाही मिळतो. हब मोटर थेट चाक फिरवते. सपाट रस्त्याला उत्तम, लांब खड्या चढाला ती तापते, दमते आणि बॅटरी खाते. पण ती स्वस्त असते आणि उघडून बघायला सोपी. आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांत 'माउंटन' नावाने जे विकलं जातं त्यात बहुतेक हब मोटरच असते. डोंगर फक्त टायरमध्ये!

मधल्या मोटरची डोंगरी सायकल भारतात आणायचा प्रयत्न झाला होता. २०१९ मध्ये हिरो सायकल्सने यामाहाबरोबर लेक्ट्रो ईएचएक्स २० काढली, किंमत सव्वा लाखाच्या वर. तेवढ्यात तेव्हा दोन साध्या मोटरसायकली आल्या असत्या, मग सामान्य माणूस तिच्याकडे कशाला वळेल? खरी हालचाल झाली खालच्या बाजूला. २०२० मध्ये पुण्यात ईमोटोराड सुरू झाली. जाड टायर, घडीची सायकल, हब मोटर, आवाक्यातली किंमत. २०२४ ला महेंद्रसिंह धोनीने तिच्यात पैसे घातले. टाटांच्या घरातली स्ट्रायडरही याच किमतीत उतरली. लूनाने जे गिऱ्हाईक उचललं होतं, तेच आता हे उचलू पाहतायत. मला यात आनंदच आहे, पुण्याच्या कंपनीने लुधियानाला धावायला लावलं तर वाईट काय?

वरच्या टोकाला २०२४ च्या जुलैत बॉम्ब पडला. लग्नात ड्रोन उडतो ना, त्यातल्या बऱ्याचशा ड्रोनची कंपनी म्हणजे चीनची डीजेआय. तिने अ‍ॅव्हिनॉक्स नावाची सायकलची मोटर काढली. वजन अडीच किलोच्या आसपास, जोर १२० न्यूटन मीटरपर्यंत. बॉशची डोंगरी मोटर तेव्हा ८५ वर होती. वर्षभरात बॉशने आपल्या नव्या मोटरचा जोर १०० पर्यंत वाढवला, तोही सॉफ्टवेअर अपडेट करून. म्हणजे ताकद आतमध्ये होतीच, कुणी स्पर्धक आला नाही तोवर ती बाहेर काढायची गरज वाटली नाही. स्पर्धेच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा मला सापडत नाही.

या सगळ्याचा दुसरा पुरावा मात्र आकुर्डीशी जोडलेला आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजची भागीदारी २००७ पासूनची. केटीएमच्या मूळ कंपनीला डोंगरी ई-सायकलचा मोह झाला. हुस्कवर्ना आणि गॅसगॅस या मोटरसायकलच्या नावांनी तिने सायकली काढल्या, अमेरिकेची फेल्ट विकत घेतली. कोरोनाच्या काळात युरोपात सायकलींवर उड्या पडत होत्या, सगळ्यांनीच भरमसाट माल बनवला. लाट ओसरली, गोदामं तुंबली, मिळेल त्या भावाने माल काढावा लागला. कंपनीने सायकलींचा धंदाच गुंडाळला. खुद्द केटीएम २०२४ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मुख्यतः न खपलेल्या मोटरसायकलींमुळे. बजाजने एकूण ८० कोटी युरो ओतून ती वाचवली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताबा घेतला. एवढ्या मोठ्या नावाची महागडी सायकल घेतलेल्या माणसालाही आता सुट्या भागांची काळजी आहे.

आणखी वाईट उदाहरण हॉलंडचं. अ‍ॅमस्टरडॅमची व्हॅनमूफ कंपनी २०२३ च्या जुलैत बुडाली. तिची सायकल मोबाईलच्या अ‍ॅपने चालायची. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर सायकल आपलीच, दारात उभी, तरी तिची पूर्ण मालकी आपल्याकडे नाही, अशी भीती लोकांना वाटायला लागली. शेवटी काउबॉय नावाच्या स्पर्धक कंपनीने डिजिटल चावी मोबाईलमध्ये जपून ठेवायचं अ‍ॅप काढून दिलं. आपल्या पंक्चरवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, सायकलला सर्व्हर कशाला पाहिजे?

म्हणून पोरांनो, माझं उत्तर असं. चार्जिंगचा खर्च नगण्य आहे. ३६ व्होल्ट, १० अ‍ॅम्पिअरची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते, म्हणजे चहापेक्षा स्वस्त. पैसे बुडतात ते बॅटरी आणि कंट्रोलर गेल्यावर. त्यामुळे दुकानदाराला वेगाचं आणि टायरचं काहीही विचारू नका. बॅटरीची वॉरंटी लेखी मागा. नव्या बॅटरीची किंमत आजच बिलाच्या मागे लिहून घ्या. दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणि कंट्रोलर बसतो का ते विचारा. आणि अ‍ॅप उघडल्याशिवाय मोटर सुरू होत नसेल तर तिथूनच माघारी फिरा. बॅटरी मेल्यावर पायडल मारून सायकल घरी येते का, हे दुकानासमोरच चढावर मारून बघा. काही सायकली एवढ्या जड असतात की ढकलतच आणाव्या लागतात. ऑनलाइन आणि आंधळेपणाने घेऊ नका. बिघाड झाला की खोक्यात घालून परत पाठवायची वस्तू नाही ही.

थोडं सरकारलाही. फेमच्या सबसिडीत स्कूटर होती, मोटार होती, बस होती. पायडलची ई-सायकल नव्हती. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजारांपर्यंत सबसिडी जाहीर केली होती, म्हणजे हे अशक्य नाही. दीड लाखाची स्कूटर घेणाऱ्याला मदत आणि पंचवीस हजारांची सायकल घेणाऱ्या कामगाराला ठेंगा, हे मला पटत नाही. शाळेतल्या मुलींना सरकार सायकली देतं, त्यांच्या भावांना कामावर जायला निदान व्याज न लागणारं कर्ज तरी द्या.

आणि आयटीआयवाल्यांना विनंती. इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेड देशात सुरू झाला आहे. आपल्या तालुक्यातल्या पोरांना तो जवळ मिळावा. हब मोटर उघडणं, कंट्रोलर बदलणं, बॅटरीतला मेलेला सेल ओळखणं हे शिकलेली दोन पोरं नाक्यावर बसली, तर कुठली कंपनी बुडाली आणि कुठली उगवली याचा झरीला फारसा फरक पडणार नाही.

तलासरी-डहाणू पट्ट्यात कुणाकडे २००६ ते २०१२ मधली बॅटरीची जुनी गाडी अजून पडून असेल, तर फोटो आणि तिची हकीकत पाठवा. बॅटरी किती दिवस चालली आणि दुरुस्तीला कुठे न्यावी लागली, एवढं नक्की लिहा. पाच-सहा जमल्या तर आयटीआयच्या मास्तरांना घेऊन एखादी पुन्हा चालू होते का बघू.