खिळा कोणी कोरला?

मिरजेहून कोल्हापूरकडे रेल्वेने निघावे, जयसिंगपूर मागे पडले की थोड्याच वेळात हातकणंगले येते. या गावाच्या नावातले शेवटचे अक्षर ‘ले’. मराठी शाळेत हा ‘ल’ गिरवतात तो दोन पाकळ्यांचा. छापील मजकुरात मात्र पुष्कळदा तोच ‘ल’ उजव्या अंगाला उभा दंड घेऊन आलेला दिसतो. वाचताना आपले काही अडत नाही. पण एखाद्या चौकस पोराने विचारले, “गुरुजी, यातला आपला ल कोणता?” तर काय सांगाल? प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे छापील अक्षर घडते कसे आणि ते घडवते कोण, इथपर्यंत जावे लागते. आज तीच हकीकत सांगायची आहे.

छापखाना येण्यापूर्वी अक्षराचा मालक बोरू. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, म्हणून हात एका दिशेला गेला की रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेला गेला की बारीक. आपल्या अक्षरांतला जाड-बारीक भेद हा असा बोरूने दिलेला आहे. लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे त्यात फरक पडे, त्याला आपण ‘वळण’ म्हणतो. छापील अक्षरालाही वळण असते; फरक एवढाच की ते एका माणसाचे वळण हजारो लोकांच्या डोळ्यांपुढे जाते.

या कथेचा पहिला अंक हातकणंगल्यापासून फार लांब घडलेला नाही. तो घडला मिरजेत. पुणे दरबारातले इंग्रज वकील मॅलेट यांच्या पदरी एक तांबट कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची विद्या शिकला होता. त्याच्याकडून भगवद्गीता छापून घ्यावी, असे नाना फडणिसांच्या मनात आले. परंतु १८०० साली नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. आता बघा, गीतेचे ७०० श्लोक. ते सगळेच्या सगळे तांब्यावर कोरायचे, आणि तेही आरशात दिसावेत तसे उलटे! केवढी ती चिकाटी!

नवलाची गोष्ट अशी, की त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या छापखान्यात, विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण छापले गेले. त्यातली देवनागरी अक्षरे मात्र सुट्या खिळ्यांची होती. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा. मिरजेच्या पत्र्यांवर गीता छापून झाली की ते पत्रे गीतेशिवाय दुसरे काही छापू शकत नव्हते. श्रीरामपूरचे खिळे आज व्याकरणात, तर उद्या दुसऱ्या पुस्तकात. मिरजेच्या कारागिराचा हात कमी नव्हता. कमी पडली ती पद्धत. म्हणून मिरजेची वाट तिथेच थांबली आणि खिळ्यांची वाट पुढे गेली.

हा खिळा तयार कसा होतो? प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. हा झाला ठसा. तो कठीण करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, की तांब्यात अक्षराची खोलगट छाप बसते. हा साचा. साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. ठसा एक, साचा एक, पण खिळे हजारो. सगळे कौशल्य त्या पहिल्या ठशात. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीस चांदीवर नक्षी उठवणारा कारागीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कामाची जात लगेच कळेल. केसभर रेघ इकडे सरकली की घडण बिघडली.

म्हणूनच जगभर हे काम धातूचा हात असलेल्यांनी केले. इंग्लंडात अठराव्या शतकात ज्याच्या टाइपाने नाव काढले तो विल्यम कॅस्लन आधी बंदुकांवर नक्षी कोरीत असे. आपल्याकडे १७७८ साली हुगळी येथे चार्ल्स विल्किन्स यांनी बंगाली खिळे तयार केले, त्यांच्या हाताखाली पंचानन कर्मकार होते. कर्मकार म्हणजे लोहार. हेच पंचानन पुढे श्रीरामपुरास गेले आणि तिथल्या टाइपाच्या कारखान्याचा पाया घातला. त्यांचे जावई मनोहर यांनी तो पुढे चालवला.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ साली मराठी छपाई सुरू केली ती बंगालमधून आणलेल्या खिळ्यांवर. ते अक्षर ओबडधोबड होते. त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम या तरुणाने पुढे नवे, लहान आणि सुबक मराठी अक्षर कोरले. तिथेच काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले आणि मग आपले स्वतःचे खिळेही पाडले. आणि तिथेच पोरवयात नोकरीस लागले होते जावजी दादाजी चौधरी.

जावजींचे शिक्षण बेताचे, पण अक्षराची पारख मोठी. १८६४ साली त्यांनी टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. ‘काव्यमाले’सारख्या संस्कृत ग्रंथमालांमुळे निर्णयसागरचे नाव देशाबाहेर गेले. ‘निर्णयसागरी अक्षर’ म्हणजे सुंदर अक्षर, असे समीकरणच झाले. पण ते अक्षर पोलादावर कोरले कोणी? ते हात राणूजी रावजी आरू यांचे. जावजींचे नाव ग्रंथांच्या पहिल्या पानावर राहिले. आरूंचे अक्षर प्रत्येक पानावर राहिले, नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक. परदेशातही निराळे नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रासाठी १९३२ साली निघालेला प्रसिद्ध टाइप स्टॅन्ली मॉरिसन यांचा म्हणतात. पण कागदावर त्याच्या रेघा ओढल्या त्या व्हिक्टर लार्डेंट यांनी.

आरूंचे काम इंग्रजी ठसे कोरणाऱ्यापेक्षा अवघड होते. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. आपल्याकडे डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, पायाशी उकार, मध्ये जोडाक्षरे, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी शिरोरेघा कुठे तुटता कामा नये. त्यामुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि जुळाऱ्याचे हात खणाखणांतून फिरत राहतात. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खटपट केली, सावरकरांनी ‘अ’लाच इकार-उकार जोडण्याची सूचना केली, १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. पण लोकांचा डोळा ओळखीच्या वळणाला चिकटून राहिला. मोडीचे उदाहरण उलट आहे. कॅरींचा १८१० सालचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला होता. तरी पुढे छापखान्यांनी बाळबोध पत्करली, आणि छापील पानावर नसलेली मोडी हळूहळू लोकांच्या हातूनही सुटली.

पुढे शिसे गेले, संगणक आला. शासकीय मुद्रणालयाचा अनुभव गाठीशी असलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सविस्तर अभ्यास १९७१ साली ग्रंथरूपाने मांडला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हे अक्षर घडवले. विंडोज २००० बरोबर ते असंख्य यंत्रांवर गेले. पोलादाची कांडी गेली, पण रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक हे ठरवणारा माणूस गेला नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. दंडाचा ‘ल’ चुकीचा नाही; हिंदीत तोच रूढ आहे. पण मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, असे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिले आहे. तरीही संगणकावरच्या अनेक अक्षरसंचांत दंडाचा ‘ल’ आधी उमटतो आणि आपला वेगळा मागून घ्यावा लागतो. कारण सरळ आहे. जो ठसा कोरतो, त्याच्या डोळ्यांपुढे जे वळण असते तेच सगळ्यांच्या पानावर उतरते. आपले वळण हवे असेल तर ते जाणणारा कारागीर हवा, आणि छापणाऱ्यांनी ते मागायला हवे.

तेव्हा हातकणंगल्यात लग्नपत्रिका छापायला टाकाल तेव्हा कच्च्या प्रतीत नावे तपासालच. गावाच्या नावातला तो ‘ले’ही एकदा बघून घ्या. त्याला पाकळ्या आहेत का?