शिवेपलीकडून आलेली

यात्रेला जाणाऱ्याला आपण यात्रेकरू म्हणतो, नेमानं पंढरीची वारी करणाऱ्याला वारकरी. इंग्रजीत यात्रेकरूला ‘पिल्ग्रिम’ म्हणतात. आज या शब्दाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला, ‘पेरेग्रिनस’. त्यात ‘आगेर’ म्हणजे शेत आणि ‘पेर’ म्हणजे पार. शेतं पार करून, शिवेपलीकडून आलेला तो पेरेग्रिनस. थोडक्यात, परका. रोमच्या राज्यात तर हा कायद्यातला शब्द होता. जो गुलाम नाही, पण ज्याला रोमच्या नागरिकाचे हक्कही नाहीत, तो पेरेग्रिनस. पुढे ख्रिस्ती माणसं देवदर्शनासाठी दूरदेशी जाऊ लागली. वाटेवरच्या गावांना तीही परकीच. म्हणून परक्याचं नाव यात्रेकरूला पडलं आणि फ्रेंच भाषेतून ते इंग्रजीत गेलं.

पण मैत्रिणींनो, परकेपण काय फक्त परमुलखात असतं? सुमारे ६०० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लिन गावात मार्जरी केम्प नावाची बाई होती. चौदा बाळंतपणं झालेली. दारू बनवायचा धंदा केला, तो बुडाला. घोड्यांची पिठाची चक्की घातली, तीही बुडाली. तिला जेरुसलेमला जायचं होतं. नवरा म्हणाला, आधी माझं कर्ज फेड. तिनं ते कबूल केलं, आणि १४१३ च्या सुमारास ती निघाली. ती देवाच्या नावानं मोठ्यानं रडायची, जेवतानाही देवाचंच बोलायची. सोबतचे यात्रेकरू वैतागले. त्यांनी तिचा झगा आखूड कापला, वेडी दिसावी म्हणून पांढरं जाडंभरडं कापड नेसवलं आणि जेवायला शेवटच्या जागी बसवलं. तरी ती जेरुसलेमला पोचली. पुढे तिनं आपली हकिगत दुसऱ्याकडून लिहवून घेतली. ती जुनी वही १९३४ मध्ये सापडली, म्हणून आज आपल्याला हे कळतं.

सोबत निघालेल्यांनीच तिला परकं केलं, हे आम्हाला फार लागलं. वारीत दिंडी आली की आपण अनोळखी माणसाच्याही पाया पडतो, भाकरी-पिठलं वाढतो. मग आपल्याच गटात नवी आलेली सून, एकटी राहणारी, जरा वेगळं बोलणारी, ती पंगतीत कुठं बसते? पुढच्या बैठकीत एवढं जरूर बघा.