थकलेल्या हातांना कोणतं हत्यार?

रामनगरचा किल्ला गंगेच्या पूर्व काठावर आहे. राजा बलवंतसिंहांनी तो अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधला. बनारसच्या पोस्टिंगमध्ये तिथल्या संग्रहालयात जाणं व्हायचं. पर्यटक जुन्या मोटारींपाशी रेंगाळतात, आपण फौजी बंदुकांपाशी. एकदा सोबत रिटायर्ड सुभेदारसाहेब होते. संधिवाताने बोटं आखडलेली, तरी पेन्शनीनंतर गनमनची नोकरी धरलेली. "या हातांना आता काय झेपेल?" त्यांनी विचारलं.

ब्रिटिश फौजेपुढे पहिल्या महायुद्धानंतर जवळपास हाच प्रश्न होता. १९१५ चं .४५५ वेबली रिव्हॉल्व्हर सुमारे १.१ किलोचं, गोळी १७ ग्रॅमची. मुरलेल्या हाताला ते ठीक, पण घाईत भरती झालेल्या पोराला त्याचा झटका आवरेना. म्हणून १९३२ पासून .३८ एनफिल्ड आलं. वजन पाऊण किलो, गोळी १३ ग्रॅमची. मनगटाला आराम पडला. पण १९३८ मध्ये, रणगाड्यात घोड्याचं टोक अडकतं म्हणून ते टोकच काढून टाकलं. अंगठ्याने घोडा आधी चढवून मग हलका चाप दाबायची सोय गेली. प्रत्येक गोळीला लांब, जड चाप ओढणं आलं. मनगटाचं वाचवलं आणि बोटावर लादलं, असं मला वाटतं.

आपल्याकडे .३८ आणि ९ एमएम साध्या परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून पेन्शनर .३२ कडे वळतो. ते वाईट नाही. गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची. पिस्तुलाची स्लाइड मात्र स्प्रिंगविरुद्ध मागे खेचावी लागते, आणि आखडलेली बोटं तिथेच हरतात. रिव्हॉल्व्हरला ती कटकट नाही. २०१४ मध्ये कानपूरहून अर्ध्या किलोचं 'निर्भीक' बाजारात आलं. खिशाला हलकं, कबूल. पण काडतूस तेच आणि हत्यार हलकं, म्हणजे झटका जास्त. दुखऱ्या हाताला थोडं जड पोलाद बरं, आणि घोड्याला टोक हवंच.

घेण्याआधी दुकानात रिकाम्या हत्याराचा चाप, घोडा न चढवता, दहा वेळा सलग ओढून पाहा. हत्यार रिकामं आहे हे आधी स्वतः बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. दहाव्या वेळी नळी डुलली, तर बिनहत्यारी नोकरी शोधा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ऐकायला आवडत नाही.